छटाकची मान

रेघ फार रुंद नव्हती. करंगळीच्या नखाएवढी असेल. मानेच्या मागे, केस संपतात आणि गणवेशाची कॉलर सुरू होते त्या मधल्या पट्टीत ती आडवी गेली होती. रंग काळा म्हणावा तर पुरता काळा नाही, तपकिरी म्हणावा तर तपकिरी नाही. भिजलेल्या मखमलीचा असतो तसा. बोट फिरवलं तर तेवढी कातडी आजूबाजूपेक्षा किंचित जाड लागायची. तिच्या कडा कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते सांगता येत नव्हतं. नीट पाहणाऱ्याला एवढ्यावरून कळलं असतं, की हा मळ नव्हे. मळाला कड असते आणि मळ साबणाला घाबरतो.

पण नीट पाहतो कोण? पाहिलं आईने, आणि मुलीच्या अंगावर काळं दिसलं की आईच्या डोळ्यांना त्यासाठी एकच शब्द सुचतो.

"काय गं ही मान? आंघोळ करतेस का नुसती ओली होऊन येतेस?"

"घासते मी," मुलगी म्हणाली.

"दिसतंय."

या मुलीला घरात छटाक म्हणत. वय वर्षं चौदा. जन्मली तेव्हा इतकी लहान होती, की दवाखान्यातल्या काट्यावरचा आकडा वाचून बापाने सवयीने आधी काटाच तपासला होता. काटा बरोबर निघाला. मुलगीच हलकी होती. "ही तर छटाकभर आहे," बाप घाबऱ्या आवाजात म्हणाला, आणि नाव चिकटलं. त्याच दिवशी घरात एक योजना सुरू झाली: छटाकचा शेर करायचा. दुधात पावडर, पावडरीत साखर, दप्तरात बिस्किटं, अभ्यासाला बसली की फळांच्या रसाची बाटली, आणि रडली तर आइस्क्रीम. घरात दोनच बातम्या असत. छटाकने खाल्लं, किंवा छटाकने खाल्लं नाही. योजना फार यशस्वी झाली. छटाकची शेर झाली, सव्वाशेर झाली, तरी योजना चालूच राहिली, कारण ती पूर्ण झाल्याचं जाहीर करायचं काम कोणाकडेच दिलेलं नव्हतं.

बाप वजनमापे खात्यात निरीक्षक होता. दुकानदारांचे तराजू तपासायचे, बरोबर असेल त्यावर शिक्का मारायचा आणि खोटा असेल तो तारेने बांधून शिशाचं सील ठोकायचं, ही नोकरी. गल्लीत सगळे त्यांना काटेसाहेब म्हणत. त्यांचं आडनाव काटे नव्हतं, पण पोस्टमनला ते पटायला बरीच वर्षं लागली. काटेसाहेब कोणाच्या दुकानात चहाचा घोटही घेत नसत. पाण्याची मोठी बाटली स्वतःची, सदैव हातात. "उन्हातली नोकरी आहे, घसा सुकतो," असं ते सांगत. थंडीतही सांगत.

तर मान घासायला सुरुवात झाली. आधी साबण, मग खरखरीत पंचा, मग आंघोळीची घासणी. रेघ हलेना. आईने समोरच्या काकूंना विचारलं, आणि मग ही गोष्ट एका घराची राहिली नाही.

"लिंबाची फोड आणि वर साखर," काकू म्हणाल्या. "माझ्या कोपरांना तेच केलं होतं मी."

"गेलं?"

"कोपरांचा काळेपणा नाही गेला. पण मऊ पडली हो."

लिंबाने मान चुरचुरली. सोड्याने लाल झाली. मग टाचा घासायचा दगड आला. खालच्या मजल्यावरचे अण्णा, जे बँकेतून निवृत्त झाल्यापासून जिन्यातच भेटत, त्यांचं मत वेगळं होतं. "साखळी बघा गळ्यातली. खोट्या साखळीचा रंग उतरतो."

"ती साखळी घालतच नाही, अण्णा."

"मग घालत नाही म्हणूनच झालं असेल," अण्णा म्हणाले, आणि पायरीवर पाय ठेवून विचारात पडले.

छटाक गप्प होती. ती मुळातच गप्प बसणारी मुलगी. मान पुढे करायची, घासून घ्यायची, आणि मग केस मोकळे सोडून शाळेत जायची. शाळेत मोकळ्या केसांना बंदी. केस बांधले की रेघ दिसायची. शेवटी वर्गशिक्षिकांनी वहीत शेरा लिहून पाठवला, "वैयक्तिक स्वच्छतेकडे लक्ष द्यावे," आणि खाली पालकांची सही मागितली.

इतके दिवस या मोहिमेकडे वरवर पाहणारे काटेसाहेब तो शेरा वाचून ताठ झाले. मानेचा प्रश्न आता मानाचा झाला होता. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पारड्याखालचा मळ शोधला, त्याच्या मुलीला अस्वच्छ म्हणायचं?

"मी सही करणार नाही," ते म्हणाले. "मी प्रमाणपत्र आणतो."

"कसलं?" आईने विचारलं.

"मान स्वच्छ असल्याचं. डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचं. मग बघू बाई काय म्हणतात."

काटेसाहेबांच्या जगात गोष्ट खरी असून भागत नसे, तिच्यावर शिक्का लागे.

मुलांच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना चौकाच्या पलीकडे होता. बाहेर बाकावर आया, मांडीवर बाळं, आणि कोपऱ्यात रक्त घ्यायची छोटी खोली. काटेसाहेब परस्पर कामावरून आले होते, त्यामुळे वजनांची पेटी स्कूटरलाच होती. हे पुढे महागात पडायचं होतं.

डॉक्टरबाई कमी बोलत. त्यांनी छटाकची मान पाहिली. मग काखा पाहिल्या. मग पोटाभोवती टेप लावली. काटेसाहेबांनी टेपवरची खूण वाकून वाचली आणि समाधानाने मान हलवली; टेप अधिकृत होती.

"प्रमाणपत्र कशाचं म्हणालात?"

"मान स्वच्छ असल्याचं."

"मान स्वच्छच आहे. जरा जास्तच. आणखी घासलीत तर जखम होईल." मग त्या छटाककडे वळल्या. "जेवल्यावर झोप येते का गं?"

"गणिताच्या तासाला येते."

"ती सगळ्यांना येते. एरवी?"

"एरवीपण येते," छटाक म्हणाली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा. साखर रक्तातून पेशीत जायची, तर इन्शुलिनने पेशीचं दार वाजवावं लागतं. हिच्या पेशींना आता ऐकू कमी येतंय. मग शरीर काय करतं, वाजवणारे वाढवतं. एकाच्या जागी दहा. साखर जाते आत, वरवर सगळं ठीक दिसतं, पण दाराबाहेर ही गर्दी. त्या गर्दीनेच मानेची कातडी जाड होते, काळी पडते. ती रेघ म्हणजे मळ नाही, निरोप आहे."

त्यांनी टेप गुंडाळून ठेवली.

"आणि पोटाभोवतीची चरबी काही नुसती बसून राहत नाही. आतल्या आत तिची धुसफूस चालू असते. ताप येत नाही, काही दुखत नाही, पण यकृताला, रक्तवाहिन्यांना, सगळ्यांना त्या धुसफुशीचा जाच."

"आमच्या घरासारखं," छटाक म्हणाली.

आईने तिच्याकडे पाहिलं. मग जो शब्द घरात कोणी उच्चारत नसे तो तिनेच उच्चारला. "मधुमेह झालाय का हिला?"

"बहुधा नाही. रक्त तपासलं की कळेल. पण वाट तिकडचीच आहे, आणि या वयाची मुलं त्या वाटेने मोठ्यांपेक्षा भरभर जातात. परत फिरायची संधीही आत्ताच असते. घरात कोणाला साखरेचा त्रास?"

"नाही," काटेसाहेब तत्काळ म्हणाले.

"सासऱ्यांच्या पायाचा अंगठा काढला होता," आई म्हणाली.

"त्यांना चप्पल चावली होती."

"तुमची तपासणी कधी झाली?" डॉक्टरबाईंनी काटेसाहेबांना विचारलं.

इथे सांगायला हवं, की हा प्रश्न नवा नव्हता. आई तो दर वर्षी विचारे. ऑफिसातही दर वर्षी सगळ्यांची तपासणी होई, आणि दर वर्षी त्याच दिवशी काटेसाहेबांना लांबच्या बाजारात एखाद्या तराजूची तक्रार आठवे.

"मला काही त्रास नाही," ते म्हणाले.

"मी त्रास विचारला नाही."

काटेसाहेबांनी बाटली उघडून पाणी प्यायलं. बाटली संपेपर्यंत बोलायची वेळ येत नाही, हा तिचा आणखी एक उपयोग.

"बरं, तू काट्यावर उभी राहा," डॉक्टरबाई मुलीला म्हणाल्या.

काटा नवा होता. तान्ह्या बाळापासून मोठ्या मुलापर्यंत सगळ्यांना चालणारा, ग्रॅमपर्यंत आकडे दाखवणारा. छटाक उभी राहिली. आकडे थोडे नाचले आणि स्थिर झाले. आईने ओठ मिटले. छटाकने समोरच्या भिंतीवरच्या उंट-हत्तीच्या चित्राकडे पाहिलं. जन्माच्या वेळचा आकडा वाचताना बापाला जे वाटलं होतं, तेच त्याला आत्ता वाटलं, आणि त्याने तेव्हा जे केलं होतं तेच आत्ता केलं.

"हा काटा बरोबर नाही," काटेसाहेब म्हणाले.

"अहो," आई म्हणाली.

पण ते पेटी आणायला गेलेही होते. त्यांनी पाच किलोचं लोखंडी वजन काट्यावर ठेवलं. काट्याने पाच किलो दाखवले, आणि वर काही ग्रॅम.

"बघा. जास्त दाखवतो."

"ते ग्रॅम आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तेवढे वजा केले तरी मुलीच्या बाबतीत काय फरक पडतो?"

"प्रश्न ग्रॅमचा नाही, तत्त्वाचा आहे."

"बाहेर बाळं ताटकळलीत."

"बाळांसाठीच म्हणतोय. खोट्या काट्यावर बाळ तोलणं योग्य नाही." आणि त्यांनी खिशातून तार काढली, काट्याभोवती घेतली, शिशाची गोळी ओवली आणि पक्कडीने दाबून सील ठोकलं. हे सगळं त्यांनी इतक्या सफाईने केलं, की बाहेरच्या बाकावरची एक आजी कौतुकाने म्हणाली, "केवढी छान बांधली हो पुडी."

डॉक्टरबाईंनी शांतपणे रक्त तपासायची चिठ्ठी लिहून आईच्या हातात दिली. "उपाशीपोटी आणा. काट्याची वाट बघू नका."

पण काटेसाहेबांनी वाट बघायचं ठरवलं. वजन खोटं, म्हणजे त्यावरून निघालेली चिठ्ठीही खोटी, असं त्यांचं तर्कशास्त्र होतं. आधी खरं वजन, मग पुढचं.  आईने त्या दिवशी भांडी घासली, तीही मघाच्या दगडानेच घासल्यासारखी वाजली.

पुढचा आठवडा गल्लीच्या आठवणीत राहील असा गेला. डॉक्टरबाईंना दुसरा काटा मिळेना, आणि बाळांचं वजन तर हवंच. मग लोक मिळेल तिथे बाळं तोलू लागले. एक बाळ वाण्याच्या तराजूत बटाट्यांशेजारी तोललं गेलं. एक पोस्टात पार्सलाच्या काट्यावर. तिथल्या कारकुनाने म्हणे विचारलं, कुठे पाठवायचंय. समोरच्या काकूंनी नातवाला भंगारवाल्याकडे नेलं. तो आकडीच्या काट्याला झोळी अडकवून वजन करून द्यायला तयार झाला, पण काकूंनी सवयीने भाव विचारला आणि सून दोन दिवस बोलली नाही.

"काटेसाहेब," काकू जिन्यात अडवून म्हणाल्या, "आमचं पोर रद्दीच्या काट्यावर चढलं तुमच्यामुळे."

"रद्दीचा काटा मी स्वतः तपासलाय, काकू. बिनचूक आहे."

"तेच दुःख आहे," काकू म्हणाल्या.

इकडे काटेसाहेबांनी मुलीचं खरं वजन शोधायचा विडा उचलला. घरातला जुना काटा त्यांनी केव्हाच नापास करून माळ्यावर टाकला होता. ऑफिसातल्या काट्यावर माणूस उभा करायला परवानगी नव्हती. ती मागितली असती तर कारण सांगावं लागलं असतं. शेवटी त्यांना शहराबाहेरचा ट्रक तोलायचा मोठा काटा आठवला. त्यावर त्यांचा स्वतःचा ताजा शिक्का होता. एका सकाळी छटाकला स्कूटरवर मागे बसवून ते तिथे गेले. एक ट्रक वाळू भरून मागे उभा होता.

काटेवाला खिडकीतून आदराने म्हणाला, "साहेब, हा काटा दहादहाच्या उडीने चालतो. एकटी मुलगी याला कळायची नाही. असं करा, तुम्ही दोघं स्कूटरसकट उभे राहा. मग मुलगी उतरेल. वजाबाकी करू."

"मी कशाला?"

"म्हणजे तुमचं वजन वजा…"

"माझ्या वजनाचा इथे संबंध नाही," काटेसाहेब म्हणाले, आणि स्कूटरसह काट्यावरून इतक्या लगबगीने उतरले, की काटेवाल्याने तो विषय सोडला.

मग त्या लांबरुंद लोखंडी पाट्यावर छटाक एकटी उभी राहिली. वर आभाळ, मागे ट्रक. आकडा सत्तर झाला. तिने श्वास सोडला तर साठ. पुन्हा सत्तर.

"हलू नकोस," बाप ओरडला.

"मी हलत नाहीये. तोच हलतोय."

ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, मग डोकं बाहेर काढलं. "अहो, तिला उतरवा की. माझी वाळू वाळतेय."

छटाक पाट्यावरून उतरली आणि स्कूटरपाशी येऊन उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. "बाबा," ती म्हणाली, "सत्तर असलं काय आणि साठ असलं काय, मी तीच आहे. चला."

परत येताना ती मागे बसून काही बोलली नाही. ती नेहमीच मागे बसायची आणि नेहमीच काही बोलायची नाही, त्यामुळे काटेसाहेबांना त्यात काही वेगळं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. डॉक्टरबाईंनी अर्ज केला होता: काट्याची फेरतपासणी व्हावी. अर्जाला जोडून आयांच्या सह्या होत्या, त्यात समोरच्या काकूंची सही सर्वांत मोठी. मोठे साहेब निवृत्तीला आलेले, मऊ आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला.

"तुमची तपासणीची वजनं शेवटची कधी तपासून घेतलीत?"

 खात्याच्या नियमपुस्तकात पहिल्याच पानावर आहे, की दुसऱ्याचा काटा तपासणाऱ्याने आधी आपली प्रमाण वजनं वरच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावीत. मुदत ठरलेली असते. ही मुदत काटेसाहेबांनी इतक्या दुकानदारांना ऐकवली होती, की ती आपल्यालाही लागू आहे हे त्यांच्या लक्षातून गेलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

"पेटी आणा," मोठे साहेब म्हणाले.

पाच किलोचं वजन नाजूक तराजूत गेलं. पारडं खाली गेलं. पाच किलो, आणि वर काही ग्रॅम.

"वजनं वापरून झिजतात," मोठे साहेब विचारात पडले. "वाढलेलं मी पहिल्यांदा बघतोय." त्यांनी वजन उलटं केलं. लोखंडी वजनाला खालून खोबण असते. त्या खोबणीत काहीतरी नारिंगी, चिवट, काचेसारखं वाळून बसलं होतं. त्याला चमकदार कागदाचे तुकडे चिकटले होते.

खोलीत शिपाई होता, दोन कारकून होते. 

"काटेसाहेब," मोठे साहेब हळूच म्हणाले, "ही गोळी संत्र्याची आहे की लिंबाची?"

"संत्र्याची," काटेसाहेब म्हणाले. सरकारी कामात खोटं बोलणं त्यांच्या तत्त्वात नव्हतं.

खुलासा असा. घरात बायकोने त्यांच्यासाठी गोड बंद केल्याला बरीच वर्षं झाली होती. दुपारी हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून ते गोड गोळ्या जवळ ठेवत. ठेवायच्या कुठे, तर जगात अशी एकच पेटी होती जी दुसरं कोणी उघडत नसे. उन्हात गोळ्या वितळत, वजनांखाली बसत, थंडीत घट्ट होत. वर्षानुवर्षं साखर साचत गेली, आणि त्या साखरेच्या भाराने काटेसाहेबांनी खऱ्या काट्याला खोटं ठरवलं. ज्या मळाच्या शोधात अख्खी गल्ली एका मुलीची मान घासत होती, तो मळ इथे होता, सरकारी शिक्क्याच्या आड.

"उद्या सकाळी जाऊन सील काढून या," मोठे साहेब म्हणाले. "आणि बाईंची माफी मागा. वजनं मी धुवायला पाठवतो. कोमट पाण्याने निघेल." मग दारापाशी पुन्हा: "थरथरतात म्हणालात हात? दाखवून घ्या कुठेतरी."

बातमी काटेसाहेबांच्या स्कूटरच्या आधी घरी पोचली. त्यांच्या ऑफिसचा शिपाई अण्णांकडे बुद्धिबळ खेळायला येई. जिन्यात अण्णा उभेच होते, पण पहिल्यांदाच त्यांच्याकडे कुठलंही मत नव्हतं. त्यांनी नुसती बाजूला होऊन वाट दिली. काटेसाहेबांना तेच जास्त लागलं.

"सील उद्या निघेल," ते घरात येऊन म्हणाले. "तांत्रिक कारण आहे."

"संत्र्याचं," छटाक वहीतून डोकं वर न काढता म्हणाली.

आईने पदराने हात पुसले. तिने चिठ्ठी डब्याखालून काढून टेबलावर ठेवली. "उद्या सकाळी उपाशीपोटी हिचं रक्त द्यायचं. आता मी कोणाचं ऐकणार नाही. आणि पावडरीचे डबे मी वाण्याला परत केलेत. रसाच्या बाटल्याही. संध्याकाळी सगळ्यांनी चालायला जायचं."

"मी रक्त देणार नाही," छटाक म्हणाली.

"का?"

"मी एकटीच का?"

"अगं, तुझ्या मानेवर ती रेघ आहे म्हणून."

छटाकने वही मिटली. आवाज चढवला नाही. "बाबांच्या मानेवर पण आहे. माझ्यापेक्षा रुंद. मी रोज स्कूटरवर मागे बसते, मला रोज दिसते. त्यांची कोणी घासली नाही. त्यांना कोणी ट्रकच्या काट्यावर उभं केलं नाही. ते म्हणतात उन्हाने झालंय, म्हणजे ते उन्हानेच. आणि मी म्हणजे मळ." तिने वही बाजूला सरकवली. "आजोबांना चप्पल चावली होती ना? मग मलापण काहीतरी चावलं असेल. मी नाही येणार."

ती उठून आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावलं. आईने काटेसाहेबांच्या मागे जाऊन त्यांची कॉलर खाली केली. बघितलं. इतक्या वर्षांत तिनेही मागून पाहिलं नव्हतं. कॉलर पुन्हा नीट केली आणि ती स्वयंपाकघरात गेली. काटेसाहेबांनी बाटलीतलं पाणी प्यायलं. बाटली संपली. बोलायचं मात्र कोणाशी, ते कळेना.

सकाळी छटाक आली खरी, पण डॉक्टरबाईंच्या दवाखान्यापर्यंतच. "सील काढताना बघायला आलेय," असं तिने स्पष्ट सांगितलं होतं. आई म्हणाली, तेवढं तर तेवढं. निघताना आईच्या एक लक्षात आलं, की टेबलावर काटेसाहेबांचा चहा तसाच आहे आणि त्यावर साय धरली आहे. लग्न झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं.  तिने कपावर बशी झाकून ठेवली.

बाकावर तीच आजी होती, आणि समोरच्या काकू नातवाला घेऊन सर्वांत पुढे. काटेसाहेब पक्कड काढून काट्याजवळ गुडघ्यावर बसले. सील ठोकायला जेवढा वेळ लागला होता त्याहून काढायला जास्त लागला. हात थरथरत होता. अखेर तार तुटली.

"बाई," ते उठत म्हणाले, "काटा बरोबर आहे. चूक माझ्या वजनांत होती."

"माहीत आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तुम्हाला कसं?"

"काकूंनी सांगितलं. परवाच."

"परवा कसं? ते तर काल…" काटेसाहेबांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी नातवाचं टोपडं नीट केलं.

"मला आधीपासून संशय होताच," काकू म्हणाल्या.

छटाक काट्यावर उभी राहिली. कोणी न सांगता. आकडा आधीचाच आला, बरोबर तोच. तिने तो मोठ्याने वाचला आणि खाली उतरली. मग कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडलं आणि रक्त घेणारी ताई हातात रबरी पट्टा घेऊन बाहेर आली.

"उपाशीपोटी कोण आहे? चला."

आईने छटाककडे पाहिलं. छटाक जागची हलली नाही. तिने हात पाठीमागे बांधले होते. तिची नजर वडिलांच्या कॉलरवर होती. तिथे आज वरचं बटण उघडं होतं, आणि काटेसाहेब उजेडाकडे पाठ करून उभे होते, म्हणजे ज्याला बघायचं त्याला बघता यावं.

"अहो, कोण येतंय?" ताईने पुन्हा विचारलं. "माझ्याकडे रांग आहे."

काटेसाहेबांनी पाण्याची बाटली काकूंच्या हातात दिली. मग ते मुलीकडे न बघता, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले. आवाज दुकानात नियम सांगताना असतो तसाच होता, फक्त मधे एकदा फाटला.

"दुसऱ्याचा काटा तपासायच्या आधी आपलं वजन तपासून घ्यायचं असतं. मुदत केव्हाच उलटलीय." त्यांनी बाही वर केली. "आधी माझं रक्त घ्या."